किसनची उचकी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी रोज उशाशी बसायचो, ती म्हणायची, काही बोला ना, आणि मी पावसापाण्याचं बोलायचो. मुलांजवळ तर नाहीच. आता लिहायला बसलोय आणि पहिलीच ओळ तीनदा खोडलीय. वयानं सुचत नाही, असं मी सांगू शकलो असतो. पण ते खरं नाही. मला भीती वाटते. म्हातारपणी माणसाची भीती जाते म्हणतात — कोणाची जाते, कोण जाणे.

कशाची भीती? सांगतो. पण जरा वळसा घालून येऊ द्या. सरळ त्या जागेवर जायचं म्हटलं की माझे पाय अडतात.

मी शाळेत मास्तर होतो. निवृत्त झालो तेव्हा हेडमास्तर होतो. आमच्याकडे पालकसभा भरली की एक प्रश्न कोणीतरी विचारायचंच. जत्रेत, गणपतीत नकला करणारे येतात. एकटाच माणूस उभा राहतो, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी, आणि तासभर अख्ख्या गावाला हसवतो. त्यात चावट बोलणं येतं, नवरा-बायकोचं येतं, एखादी शिवी येते. पोराला मिसरूड फुटलेली, पोरगी मोठी झालेली — न्यावं का गुरुजी, त्यांना सोबत?

माझं उत्तर ठरलेलं होतं. न्या. न्यायचं नाही म्हणाल तर ती झाडावर चढून पाहतील. पण शेजारी बसा, मित्रांच्या घोळक्यात नका बसू. नकल्याकडं कमी पाहा, पोराकडं जास्त. ते कशावर हसतं आणि कशावर हसत नाही, ते पाहा. आणि घरी येताना वाटेत विचारा — ज्याच्यावर आपण हसलो तो माणूस तिथंच बसलेला असता तर?

लोक माना डोलवायचे. एकदा एक पालक उठून म्हणाले, गुरुजी, असं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी खाली पाहिलं. लोकांना वाटलं, गुरुजी लाजले.

हे शहाणपण मला कुठून मिळालं, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? काहीतरी सांगितलंच असतं. मला चटकन खोटं सुचतं, ते पुढे येईलच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, ते दशक अर्धं उलटून गेलं होतं. तेव्हा आमचा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात, शेलूबाजारला उतरून आत चालत जायचं. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आमच्या वस्तीतून मास्तर झालेला मी पहिला. माझं बोट धरून चार पोरं शाळेत आली, ह्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. माणूस एका हातानं चांगलं करतो आणि दुसऱ्या हातानं काय करतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

किसन माझ्या बाजूच्या घरातला. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, मला भाऊ म्हणायचा. चौथीत शाळा सुटली त्याची. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, पण भित्रा. आणि भ्याला की त्याला उचकी लागायची. लहानपणापासून. मास्तरांनी छडी उचलली की इकडे किसनची उचकी सुरू. सगळा वर्ग हसायचा, मास्तरही हसायचे, छडी खाली यायची. मी म्हणायचो, तुझी उचकी म्हणजे तुझी ढाल आहे लेका. तो म्हणायचा, "भाऊ, मले नाही आवडत हे. पोटातलं भेव असं तोंडावाटे बाहीर येते. लोकायले कळते."

त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. दोन लेकरं मागं राहिली, ती रिसोडकडे मामाकडं वाढत होती. मग त्यानं पंचफुलाशी घर केलं. ती खूपच लहान होती त्याच्यापेक्षा. गोरीपान नाही, देखणी नाही, पण हसली की समोरच्याला विनाकारण बरं वाटायचं. लग्नाला फार काळ झाला नव्हता. एकदा दिवस गेले होते, राहिले नाहीत. माझी सुजाता तेव्हा सोळाची, मिलिंद तेराचा. सुजाता शाळा सुटली की पंचफुलाकाकूच्या घरीच. दोघी मैत्रिणींसारख्या बोलत बसायच्या.

आणि त्या वर्षी जीप यायला लागली.

तुमच्यातल्या जुन्या माणसांना मी काय म्हणतो ते कळलं असेल. तरण्यांसाठी सांगतो. दोन लेकरं असलेल्या माणसाला धरून न्यायचे, नसबंदीचं ऑपरेशन करून सोडायचे. कायदा काय होता आणि काय नव्हता, गावात कोणाला माहीत? जीपचा आवाज आला की माणसं शेतात पळायची. बाजाराला जायला भ्यायची. आणि जीपमधल्या लोकांवरही वरून ताण होता, आणि तो ताण खाली येत येत आम्हा मास्तरांपर्यंत आला होता. केस आणा, म्हणजे ऑपरेशनला माणूस आणा. आणता येत नसेल तर स्वतःच्या ऑपरेशनचा दाखला द्या. तुम्हाला दोन आहेत ना? मग?

माझ्याकडं दाखला नव्हता. मी एकही केस आणलेली नव्हती. शेजारच्या गावच्या एका मास्तराचा पगार अडला होता, दुसऱ्याची बदली पार घाटाखाली झाली होती. मला ऑपरेशनची भीती वाटत होती. नोकरीची भीती वाटत होती. दोन्हीतली कोणती जास्त होती, ते मी त्या काळातही ठरवू शकलो नाही. पाटीवर बेरीज लिहिताना मध्येच थांबायचो, आणि रस्त्यावर काही वाजलं का ते ऐकायचो. पोरं माझ्याकडं पाहत राहायची.

किसनला दोन लेकरं होती. कागदावर ती दोन लेकरं होतीच ना? ती पंचफुलाची नव्हती, हे कोण पाहणार होतं?

तो घरी झोपत नसे. सुखदेव म्हणून त्याचा चुलतभाऊ होता. दोघांनी मिळून नाल्याकाठचं शेत बटाईनं केलेलं. तूर चांगली डोक्याच्या वर गेली होती. तुरीच्या आत, नाल्याच्या वळणावर, त्यानं पऱ्हाटीची, वाळल्या कपाशीच्या काड्यांची, एक खोपटी उभी केली होती. बाहेरून दिसायची नाही. तिथं तो दिवस-दिवस बसून राहायचा. ही जागा पंचफुलाला माहीत होती, कारण ती भाकर घेऊन जायची. सुखदेवला माहीत होती. आणि मला. मला किसननंच नेऊन दाखवली होती. म्हणाला, "तुले माहीत असू दे भाऊ. काही झालं तं तू येजो."

नकल्याचं सांगायचं राहिलं.

तो दरवर्षी आमच्याकडं यायचा. नाव होतं त्याला, पण सगळे नकल्याच म्हणायचे. बसचा कंडक्टर, तलाठी, पहिल्या रात्रीचा नवरदेव, भांडणाऱ्या जावा — एकटा माणूस सगळं उभं करायचा. माझी पोरं त्याच्या नकला वर्षभर घरात करायची. त्या वर्षी मात्र तो सरकारी गाडीतून आला. त्याला कामच तसं दिलं होतं: गावोगाव लोकांना हसवायचं आणि हसवता हसवता ऑपरेशनचं पटवायचं. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. मास्तरांनी बायकापोरांसह हजर राहावं, असा निरोप आला. जीपवाले साहेब स्वतः येणार.

दुपारी नकल्या आणि साहेबांचा शिपाई माझ्या घरी चहाला आले. बायको बाजारात गेली होती, पोरं बाहेर. मीच चहा ठेवला. नकल्याची एक पद्धत होती — गावात कार्यक्रम करायच्या आधी तो कोणाकडून तरी गावातली एखादी गंमत विचारून घ्यायचा. ती नकलेत घातली की लोक दुप्पट हसतात. त्यानं मला विचारलं. मी त्याला उचकीचं सांगितलं. नाव नाही घेतलं. म्हटलं, एक माणूस आहे, जीप पाहिली की तुरीत लपतो, आणि लपला की त्याला उचकी लागते. नकल्या खुश झाला. तिथल्या तिथं त्यानं उचकी लावून दाखवली, हुबेहूब. आम्ही तिघंही हसलो.

एवढंच झालं. चहावर बोलता बोलता एक गंमत सांगितली. पुष्कळ वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आलो.

ते दोघं गेल्यावर थोड्या वेळानं किसन मागच्या दारानं आला. त्याला नकला फार आवडायच्या. पण पटांगणाजवळ जीप उभी होती. म्हणाला, "भाऊ, पंचफुला लय मागं लागली. येऊ का? का नोको?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ये. आज काही नाही. आज नुसती गंमत आहे."

आम्ही पुढून तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलो. मी, बायको, एका बाजूला मिलिंद, एका बाजूला सुजाता. किसन आणि पंचफुला बरोबर आमच्या मागं. किसनचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते. साहेब समोर खुर्चीवर, शिपाई त्यांच्या मागं उभा. थंडीचे दिवस, ऊन मऊ झालेलं, बाजारातली माणसं पिशव्या घेऊनच येऊन बसलेली. आधीआधी कोणी हसेना. जीप दिसत होती ना. मग नकल्यानं सासू-सुनेचं काढलं आणि माणसं सैल झाली. नवरा-बायकोचं आलं तेव्हा बायांनी पदर तोंडावर घेतले. मला अवघडल्यासारखं झालं. सुजाता खाली पाहत होती, मिलिंद हसू दाबत होता. बाप म्हणून मला तेव्हा तीच काळजी होती, की पोरीसमोर हा आणखी काय बोलतो. किती साधी काळजी. ती जर टिकली असती!

मग त्यानं दुपट्टा डोक्याला गुंडाळला, काठी टाकून दिली, आणि खाली वाकून दोन्ही हातांनी तूर बाजूला करत चालायला लागला. मला कळलं. तो बसला, इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात दाबला, आणि त्याला उचकी लागली. पटांगण फुटलं हसून. दाबतो आहे, नाक धरतो आहे, देवाचं नाव घेतो आहे — पुन्हा उचकी. जीप जवळ येते आहे, तोंडानंच जीपचा आवाज काढतो, आणि मध्येच उचकी. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

आणि माझ्या मागं खरी उचकी लागली.

आधी एक. बारीक. मग माझ्या पाठीला लागलेले ते गुडघे त्यानं आखडून घेतले. मग दुसरी उचकी, मोठी. कोणीतरी ऐकली. कोणीतरी वळून पाहिलं. मग हसणं आमच्याकडं वळलं — पाण्याचा लोंढा वळतो तसं. नकल्यानंही ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर गेलं, ते मी पाहिलं. पण लोक हसत होते, आणि त्याचं पोट त्यावर होतं; त्यानं उचकीला उचकीनं उत्तर दिलं. इकडे एक, तिकडे एक. साहेब खुर्चीतून पूर्ण वळून बसले.

मी काय केलं? मी हसलो. नुसता हसलो नाही. मोठ्यानं हसलो, मांडीवर थाप मारली, मान वर केली — साहेबांना मी हसताना दिसावा म्हणून. मी त्यांच्याकडचा माणूस आहे, तुरीतला नाही, हे दिसावं म्हणून. आणि हसता हसता माझं लक्ष सुजाताकडं गेलं. ती नकल्याकडं पाहत नव्हती. मागं किसनकडंही नाही. ती माझ्याकडं पाहत होती. माझ्या तोंडाकडं.

त्या नजरेची मला आजही भीती वाटते.

घरी जाताना ती माझ्या बाजूनं चालत होती. मिलिंद आणि त्याची आई पुढं. ती म्हणाली, "बाबा, किसनकाकाची उचकी त्या नकल्याले कशी माहीत?"

बाकी काही नाही, एवढंच. तिला संशय नव्हता. ती खरंच विचारत होती. आणि मी, एकाही पावलाला न अडखळता, म्हणालो, "मले काय माहीत. सुखदेव सकाळी त्याच्यासंगं हॉटेलात बसला होता."

सुखदेव त्या दिवशी सकाळी हॉटेलात नव्हता. तो कुठं होता, मला माहीत नाही. त्याचं नाव माझ्या तोंडात का आलं, तेही माहीत नाही. ते आलं आणि मी त्याला येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जीप आली. ती वस्तीत आलीच नाही. किसनच्या घरासमोर थांबली नाही, कोणाला काही विचारलं नाही. नाल्याच्या वाटेनं सरळ गेली. वळणावर थांबली. माणसं तुरीत शिरली आणि खोपटीतून किसनला घेऊन बाहेर आली. पंचफुला आमच्या ओट्यासमोरून धावत गेली, तिच्या हातात पीठ लागलेलं होतं. मी दारात उभा होतो. ती ओरडली, "गुरुजी, तुमी तरी सांगा ना त्यायले, मले लेकरू नाही म्हणून सांगा ना."

मी गेलो. जीपपर्यंत गेलोसुद्धा. शिपायानं मला पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी काही बोललो नाही. किसन मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसला होता आणि त्याला उचकी लागलेली नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी आलो. त्यानंच नव्हतं का म्हटलेलं, काही झालं तर तू येजो?

तिसऱ्या दिवशी तो परत आला. जखम चिघळली, पुष्कळ दिवस ताप होता. बरा झाला. मेला नाही. लोक म्हणाले, नशीब.

मग वस्तीत एकच विचार सुरू झाला. उचकीचं सोडा, ते तर गावाला माहीत होतं. खोपटी कोणाला माहीत होती? जीप सरळ तिथं कशी गेली? माझ्याकडं कोणी बोट दाखवलं नाही. मी गुरुजी होतो. आणि सुजातानं, माझ्या सुजातानं, पंचफुलाच्या चुलीपाशी बसून तिला सांगितलं की सुखदेवकाका त्या सकाळी नकल्याजवळ बसलेले होते. बाबांनी पाहिलं. तिनं हे खूप विचार करून, रडत सांगितलं. खरं ते सांगितलं पाहिजे, असं तिला वाटलं. खरं सांगावं, हे तिला मीच शिकवलेलं होतं.

पंचफुला मला विचारायला आली. "गुरुजी, पोरगी म्हणते ते खरं हाय का?"

मी म्हणू शकलो असतो, नाही, माझी चूक झाली, दुसराच कोणी असेल. एवढंही पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे आता. भावाभावात कायले वाढवता."

ह्यापेक्षा पक्कं हो कोणतं असतं?

सुखदेवनं लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कोणी ऐकलं नाही. शेत सुटलं. दोन्ही घरांचं येणंजाणं बंद झालं, मग बोलणं बंद झालं, मग त्याच्या बायकोला विहिरीवर बाया जागा देईनात. पुढच्या उन्हाळ्यात तो बिऱ्हाड घेऊन अकोल्याला हमालीला गेला. जायच्या आधी तो माझ्याकडं आला होता. म्हणाला, "गुरुजी, तुमी शिकले-सवरले. तुमीच सांगा किसनले. मी कायले करीन असं?" मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. काही वर्षांनी तो अकोल्यातच वारला. किसन मातीला गेला नाही. मी त्याला जा म्हणालो नाही.

आता ती दुपार पुन्हा सांगावी लागेल. मघाशी मी सांगितली ती पूर्ण नव्हती. तुम्हाला ते कळलंही असेल.

नकल्यानं मला फक्त गंमत विचारली होती. ती सांगून झाली होती, तो उचकी लावून हसत होता. चहा संपत आला होता. कुठं लपतो, असं त्यानं विचारलं नाही. शिपायानंही विचारलं नाही. तो दाराशी बसून बशीतला चहा पीत होता आणि आता त्याचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. मी आवाज थोडा वाढवला. मी म्हणालो, नाल्याच्या वळणावर तुरीत पऱ्हाटीची खोपटी केली आहे त्यानं, तिथं बसून उचक्या देतो. आणि हे बोलताना मी नकल्याकडं पाहत नव्हतो. मी शिपायाकडं पाहत होतो. त्यानं बशी खाली ठेवेपर्यंत पाहत होतो.

नकल्यानं ती जागा नकलेत घेतली नाही. तो तसा भला होता. त्याला ती गंमत वाटली नसेल.

चुकून निघालं नाही ते तोंडातून. चहाच्या भरात नाही. कोणी धमकावलं नाही, हात पिरगळला नाही. माझी पाळी येऊ नये म्हणून मी माझ्या जागी दुसरा माणूस दिला, आणि तो कुठं ठेवला आहे तेही सांगितलं. आणि मग त्यालाच म्हणालो, ये, आज नुसती गंमत आहे.

माझी पाळी आली नाही. गुरुजी सहकार्य करतात, असं साहेब म्हणाल्याचं हेडमास्तरांनी मला सांगितलं. माझ्याकडं दाखला पुन्हा कोणी मागितला नाही. पुढं वारं फिरलं, जीप यायची थांबली. आणि दोन-अडीच वर्षांनी माझ्या घरी तिसरं लेकरू झालं. मुलगी. बायको अशक्त होती. त्या मुलीला रोज न्हाऊमाखू कोणी घातलं असेल? पंचफुलानं. पाय लांब करून बसायची, पोरीला पायांवर घ्यायची, तेल जिरवायची, गुणगुणायची. मी शाळेत जायची तयारी करत असायचो. त्या आवाजानं मला घाम फुटायचा. एक दिवस हिला कळेल, असं वाटायचं. पाण्याचा तांब्या हातात असताना कळेल, पोरगी पायांवर असताना कळेल. तिला कधी कळलं नाही. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही. मामाकडची दोघं मोठी झाली, लग्नं झाली, कधीमधी यायची आणि पाहुण्यासारखी निघून जायची.

किसन जाऊनही आता वर्षं झाली. शेवटपर्यंत तो मला भाऊ म्हणत होता. जत्रेत नकला लागल्या की तो घरी बसायचा. त्या दिवसानंतर त्याला उचकी लागलेली मी पाहिली नाही. भेव आता बाहेर येत नव्हतं. मी मात्र दरवर्षी नकला पाहायला जायचो. जावं लागायचं. तो नकल्या पुन्हा आला आणि पटांगणात कोणासमोर बोलला तर? मी पुढं बसायचो, त्याच्या तोंडाकडं पाहत. तो आलाच नाही परत. तरीही मी कित्येक वर्षं पुढं बसत राहिलो.

सुजाता वाशिमला शिक्षिका आहे, तीही आता निवृत्तीला आली. तिची मुलं मोबाइलवर विनोद सांगणाऱ्यांचे कार्यक्रम पाहतात, ती त्यांच्या शेजारी बसते. मागच्या दिवाळीत मी तिथं होतो. कोणावर तरी तो माणूस बोलला, मुलं हसली, आणि सुजातानं ते थांबवून त्यांना किसनकाकाची गोष्ट सांगितली. सगळी. उचकी, खोपटी, जीप. आणि मग म्हणाली, मी सोळा वर्षांची होते, खूप भीती वाटत होती, पण सुखदेवकाकांचं नाव मी सांगितलं. खरं सांगायला भ्यायचं नाही. मुलांनी माझ्याकडं पाहिलं. नातू म्हणाला, आजोबा, तुम्हीच पाहिलं होतं ना त्यांना?

मी मान हलवली.

म्हणून हे लिहिलं. सुखदेव सकाळी हॉटेलात नव्हता. सुजाता, तू जे सांगितलंस ते तुझं खोटं नव्हतं, माझं होतं. सुखदेवची लेकरं अकोल्यात आहेत. त्यांच्या बापानं काही केलेलं नाही.

पंचफुला अजून बाजूच्याच घरात राहते. तिला वाचता येत नाही. सुजाता रविवारी येणार आहे. तिनं आधी स्वतः वाचावं, आणि मग पंचफुलाच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवावं. मी घरीच असेन.